किरकोळ उष्णतेची घटना

८ जानेवारी, बुधवार. संध्याकाळ

उशिरा लिहितो आहे, माफी असावी. वीस डिसेंबरपासून वही कोरी पडली. माफी कोणाची मागतो हा प्रश्नच आहे, कारण ही वही मी कोणाला दाखवत नाही. पण सुरुवातीला माफी मागितली की पुढचं सगळं लोक नीट ऐकून घेतात, हे मी कंपनीच्या पत्रांवरून शिकलो आहे.

नव्या वर्षाचे संकल्प, आठ दिवस उशिरा: रोज चार ओळी लिहायच्या. मीटिंगमध्ये निदान एकदा तोंड उघडायचं. रागावर ताबा ठेवायचा.

रागाचं कारण लगेच मिळालं. दुपारी आमच्या कंपनीच्या अकोटच्या जिनिंग कारखान्यात आग लागली. गाठी दाबायच्या प्रेसजवळची रुई पेटली, शे-दीडशे गाठी होरपळल्या. जखमी कोणी नाही. नगरपरिषदेचा बंब वेळेवर आला. मला मात्र साडेपाचला कळलं, तेही विपुलकडून. विपुल म्हणजे कंपनी सेक्रेटरी. वय एकोणतीस, मूळचा नागपूरचा, डोक्याला जेल. त्याचं काम पत्रं लिहिणं.

कंपनीचं नाव शेअरबाजारात आहे. त्यामुळे असं काही घडलं की चोवीस तासांत बाजाराला पत्र द्यावं लागतं. ते पत्र आधी ऑडिट कमिटीला दाखवायचं, ही थोरल्या शेठजींनी पाडलेली पद्धत. कमिटीत आम्ही तिघं. आता कंपनी चालवतात ते धाकटे शेठ, अकोल्याच्या सीए नीलम वानखडे, आणि मी. अध्यक्ष नीलम मॅडम आहेत. का आहेत, ते मला अजून कोणी समजावलेलं नाही.

मी नववी शिकलेला. बत्तीस वर्षं याच कंपनीत रुईचा ग्रेडर होतो. चिमूटभर रुई ओढून धाग्याची लांबी सांगायचो. रिटायर झाल्यावर काही वर्षांनी थोरल्या शेठजींनी बोलावून स्वतंत्र संचालक केलं. वार्षिक अहवालात माझ्या फोटोखाली 'आर्थिकदृष्ट्या साक्षर' असं इंग्रजीत छापलेलं आहे. मास्तरांनी जे कधी मानलं नाही, ते कंपनीने छापून दिलं.

उद्या अकरा वाजता मोबाइलवर मीटिंग. उद्या बोलायचं.

९ जानेवारी, गुरुवार. सकाळी १०

तयार आहे. सदरा, कोट, खाली लुंगी. खालचं दिसत नाही.

दुपारी २

बोललो. आणि असा बोललो की पत्राचा सूरच बदलला.

विपुलच्या मसुद्यात पहिल्याच ओळीत 'आग' होतं. (पत्र इंग्रजीत जातं, माझ्यासाठी तो मराठी प्रत करतो.) मी म्हटलं, आग म्हटल्यावर माणूस घाबरतो. घाबरलेला माणूस शेअर विकतो. आपण सौम्य बोललं पाहिजे. 'किरकोळ उष्णतेची घटना' म्हणा. धाकटे शेठ म्हणाले की अनुभव तो अनुभव. विपुलने ताबडतोब टाइप केलं.

नीलम मॅडमनी लगेच विषारी प्रश्न केला. तुमच्या घरी पडदा पेटला तर तुम्ही शेजाऱ्याला उष्णतेची घटना झाली म्हणून हाक माराल का, असं. मी दुर्लक्ष केलं. बाईला पत्र म्हणजे पंचनामा वाटतो. काय जळलं, का जळलं, आधी कोणाला माहीत होतं, सगळं लिहा म्हणते. अशाने एक दिवस संचालकांचा रक्तगटही लिहावा लागेल.

मग कारणाचा मुद्दा आला. धाकट्या शेठनी वाक्य तयारच ठेवलं होतं: 'एका कामगाराच्या निष्काळजीपणामुळे.' नाव नाही, गाव नाही. सभ्य वाक्य. मॅडम म्हणाल्या की वाटेतलं चुंबक बंद होतं असं ऐकलं आहे. कापसासोबत खिळा, तारेचा तुकडा येतो. तो जिनात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, गेला की ठिणगी पडते. म्हणून वाटेत मोठं चुंबक असतं, लोखंड धरायला. मॅडमनी आम्हा दोघांना सरळ विचारलं, चुंबक बंद असल्याचं तुमच्यापैकी कोणाला आधी माहीत होतं का.

शेठ म्हणाले, नाही. माझा माईक त्या वेळी बंद होता. तांत्रिक अडचण.

इथे स्वतःपुरतं लिहून ठेवतो. औपचारिकरीत्या मला माहीत नव्हतं. पंधरा डिसेंबरला आमच्या मुलीचं, शालूचं, डोहाळजेवण होतं, अकोटला, तिच्या सासरी. जेवण झाल्यावर हात धुताना व्याही म्हणाले होते की महिना झाला चुंबक बंद आहे, मॅनेजर ऐकत नाही, तुम्ही कमिटीत काढा. मी 'बघतो' म्हटलं. हात धुताना सांगितलेली गोष्ट औपचारिक धरली, तर उद्या लोक मांडवात तक्रारी आणतील.

पत्र दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर. मॅडमनी स्वतःचा विरोध नोंदवून घेतला. नोंदवू दे.

१० जानेवारी, शुक्रवार

पत्र बाजाराच्या वेबसाइटवर चढलं. विपुलने प्रत पाठवली. स्टेशनरीच्या दुकानात जाऊन तिचं लॅमिनेशन करून आणलं. मैनाबाईला, म्हणजे बायकोला, वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं. कामगार म्हणजे कोण?

मी म्हटलं, कोणीही. सूर समजून घे.

ती म्हणाली, प्रेसवर मुकादम एकच आहे.

हे खरं आहे. प्रेसचा मुकादम किसनराव, म्हणजेच आमचे व्याही. म्हणून मी विपुलला आधीच विचारून घेतलं होतं, की माझ्या मतदानात काही अडचण नाही ना. त्याने कायदा पाहून सांगितलं, जावई नातेवाईकात बसतो, मुलीचा सासरा बसत नाही. हे मी मैनाबाईला नीट समजावलं, की कायद्याने किसनराव आपले कोणी लागत नाहीत. चार वाजताचा चहा आला नाही. पाचला स्वतः केला. दूध उतू गेलं.

११ जानेवारी, शनिवार

किसनरावांना चौकशी होईपर्यंत निलंबित केलं. चौकशी होणार म्हणजे न्याय होणार. मी निश्चिंत आहे.

संध्याकाळी शालूचा फोन. संक्रांतीनंतर तिला बाळंतपणाला आणायचं ठरलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी. मैनाबाईने मागची खोली सारवल्यासारखी पुसून ठेवली आहे, डिंक आणून ठेवला आहे. मी विचारलं, किती तारखेला गाडी पाठवू.

"बाबा, मामंजींनी तुमाले चुंबकाचं सांगतलं होतं. मी तिथंच हातावर पाणी टाकून राहिली होती. तेवढं एक कागदावर लिहून द्या. मंग गाडी पाठवा."

मी म्हटलं, बेटा, हा कंपनीचा विषय आहे, गोपनीय आहे. तिने फोन मैनाबाईकडे द्यायला सांगितलं. त्या दोघी वीस मिनिटं बोलल्या. माझ्याबद्दल नसावं.

संकल्प: घरगुती आणि कंपनीच्या गोष्टी वेगळ्या ठेवायच्या.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

कमिटीची अकोटला पाहणी. एसटीने गेलो. परतवाड्याला बस अर्धा तास थांबली, ड्रायव्हर नाश्ता करत होता. तक्रार करणार होतो, पण त्याचा डबा पाहून भूक लागली. शेगाव कचोरी खाल्ली. पित्त झालं.

मॅडम आधीच आल्या होत्या. पायात बूट, हातात वही. धाकटे शेठ आलेच नाहीत. प्रेसजवळ राख, भिंती काळ्या. नव्या मुकादमाने होरपळलेल्या गाठी चांगल्या गाठींसोबत गोदामात रचायला काढल्या होत्या. किसनराव असं करू देत नसत. संशयाची प्रत्येक गाठ मोकळ्या मैदानात, एकमेकींपासून लांब, आठ-दहा दिवस. कारण दाबलेली रुई बाहेरून विझते आणि आतून चालू राहते. हे आम्हा जुन्या माणसांना शिकवावं लागत नाही.

एका गाठीवर मी तळहात ठेवला. कोमट होती. उन्हाची असेल. गोदामात ऊन येत नाही, पण छताचे पत्रे तापतात.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी हात खिशात घातला.

तिथून व्याह्यांकडे गेलो. सणाचा दिवस, वैर नको. हातात मैनाबाईने दिलेला तिळगुळाचा डबा. ते अंगणात झेंडूची फुलं ओवत होते. घरच्या मळ्यातली. आता दिवसभर तेच करतात म्हणे. मी डबा पुढे केला. त्यांनी दोऱ्याची गाठ मारली, वर पाहिलं नाही.

"ठेवा तिकडं, इवाई. गोड तं तुमी पत्रातच बोलून चुकले."

शालू आतून बाहेर आली नाही. तिची सासू म्हणाली, झोपली आहे. आत भांड्यांचा आवाज येत होता. झोपलेली माणसं भांडी घासत नाहीत. सासर तिला माझ्याविरुद्ध भरवत आहे, हे आज सिद्ध झालं.

उठताना किसनराव म्हणाले, गाठी गोदामात घालून राहिले, तेवढं तरी थांबवा. मी म्हटलं, तुम्ही सध्या निलंबित आहात, अशा सूचना तुम्हाला करता येत नाहीत. हे मी सौम्य शब्दांत म्हटलं.

१६ जानेवारी, गुरुवार

दुसरं पत्र. आग विझली, कामकाज पूर्ववत सुरू, इतकंच होतं. मला ते कोरडं वाटलं. मी 'पूर्णपणे' घालायला सांगितलं. आग पूर्णपणे विझली. एका शब्दाने वाक्याला कसा धीर येतो बघा.

मॅडमनी मीटिंगमध्ये मला विचारलं. तुम्ही ग्रेडर होता, तुम्ही परवा गाठीला हात लावलात, मी पाहिलं. गाठ कशी होती?

मी म्हटलं, समाधानकारक.

त्यांनी पुन्हा विचारलं, गार होती की गरम? मी म्हटलं, मॅडम, ऑडिट कमिटी हे ताप मोजायचं ठिकाण नाही. शेठ हसले. विपुलही हसला, पण तो शेठ हसले की हसतो. पत्र दोन विरुद्ध एक.

मीटिंगनंतर शेठचा वेगळा फोन आला. मॅडमची मुदत मार्चमध्ये संपते, पुढे कोणा अनुभवी माणसाकडे अध्यक्षपद द्यावं असं मनात आहे, असं म्हणाले. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

अध्यक्ष झाल्यावर: मीटिंगला नाश्ता. प्रश्न आगाऊ लेखी. बूट घालून पाहणी बंद.

१९ जानेवारी, रविवार. दुपार

आज तारीख दोनदा चुकीची लिहिली. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

सकाळी नऊला गोदाम पेटलं. गाठी आतून धुमसत होत्या. एक फुटली आणि सगळं रचलेलं पेटलं. छप्पर खाली आलं. दोन हमाल आत होते. त्यांना बाहेर किसनरावांनी काढलं. मळ्यातून धूर दिसला म्हणून फुलांची पाटी टाकून पळत आले, हुकाने गाठ ओढून वाट केली. हमालांना अकोल्याला नेलं आहे, धूर छातीत गेला, पण शुद्धीवर आहेत. किसनरावांचे दोन्ही हात भाजले.

निलंबित माणसाला आवारात येता येत नाही. हे मी विपुलला नोंदवायला सांगणार होतो. फोन लावला, मग कापला.

मैनाबाई देवापुढे बसली आहे. मी कोमट गाठीबद्दल तिला काही सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. मी संक्रांतीला अकोटहून आल्यावर उजवा हात सारखा धूत होतो, एवढं म्हणाली.

२१ जानेवारी, मंगळवार

बाजाराने खुलासा मागितला आहे. तुमच्या पत्रात किरकोळ, तुमच्या पत्रात पूर्णपणे, मग हे काय? अशा अर्थाचं. यांची भाषा फार उद्धट असते.

मॅडमचा फोन. आवाज शांत. शांत बाईचा मला जास्त राग येतो. म्हणाल्या, सोमवारी सत्तावीसला अकोल्याला माझ्या ऑफिसात मीटिंग आहे, त्यात खरं पत्र करू. किसनराव म्हणतात त्यांनी तुम्हाला पंधरा डिसेंबरला सांगितलं होतं. खरं असेल तर सोमवारपर्यंत एक ओळ लिहून आणा. तुम्ही स्वतः आणलीत तर तुमच्या नावाने आणली असं लिहीन.

धमकीच आहे. पण विचार केला, द्यावी. मोठ्या मनाने द्यावी. किसनराव कामावर लागतील, शालू येईल, आणि होऊ घातलेला अध्यक्ष किती निःपक्षपाती आहे ते सगळ्यांना दिसेल.

आज रात्रीच्या आत लिहून टाकतो.

२२ जानेवारी, बुधवार

काल बसलो होतो. मसुदा पहिला:

'पंधरा डिसेंबरला किसनरावांनी मला चुंबक बंद असल्याचं सांगितलं. मी कमिटीला सांगितलं नाही.'

फार उघडं वाटतं. माणूस आंघोळीहून तसाच बाहेर आल्यासारखं. सूर हवा.

२४ जानेवारी, शुक्रवार

मसुदा सहावा:

'दिनांक १५ डिसेंबर रोजी एका कौटुंबिक कार्यक्रमात, हात धुण्याच्या प्रसंगी, चुंबकासंबंधी काही उल्लेख झाल्याचे अंधुक स्मरण पूर्णतः नाकारता येत नाही.'

हा चांगला आहे. कोणी दुखावत नाही. विपुलला फोनवर वाचून दाखवला. तो म्हणाला, काका, यात झालं काय ते कळत नाही. मी म्हटलं, तेच तर. तुम्हीच शिकवलंत.

मैनाबाईला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "शालूले आठवा महिना सरून राहिला. तुमी अजून हातच धुऊन राहिले."

मी त्या दिवशीच्या हात धुण्याबद्दल लिहितो आहे, हे तिच्या लक्षात आलं नसावं.

२७ जानेवारी, सोमवार. रात्री लवकर झोपण्याआधी

खिशात दोन पाकिटं घेऊन निघालो. एकात पहिला मसुदा, एकात सहावा. वेळेवर ठरवू म्हटलं. एसटी स्टँडवर उभा होतो तर धाकट्या शेठची गाडी थांबली. अमरावतीहून अकोल्यापर्यंत मागच्या सीटवर बसवलं. एसी होता. माझी तब्येत विचारली. मार्चचा विषय पुन्हा निघाला. मूर्तिजापूरला थांबून चहा पाजला. एवढ्या मोठ्या माणसाने माझ्या चहात साखर कमी टाकायला सांगितली, त्यांना माझी शुगर लक्षात होती.

मीटिंगमध्ये मॅडमनी विचारलं, एक ओळ आणलीत का?

खिशात हात घातला. दोन्ही पाकिटं हाताला लागली. शेठ समोर बसले होते, पेनाशी खेळत. मी म्हटलं, विषयाचा अभ्यास चालू आहे, सविस्तर कळवतो.

मॅडमनी वही मिटली. रागावल्या नाहीत. त्याचंच वाईट वाटलं, म्हणजे त्यांच्या स्वभावाचं.

येताना शेठना घाई होती. एसटीने आलो. उभा.

२९ जानेवारी, बुधवार

पत्र लागलं. या वेळी दोन विरुद्ध एक झालंच नाही, कारण मला मतदानाला बोलावलंच नाही. शेठनी आणि मॅडमनी मिळून मंजूर केलं. शेठनी.

विपुलने मराठी प्रत पाठवली नाही. शेजारच्या मेडिकलवाल्याकडून इंग्रजी पत्रच वाचून घेतलं. गोळ्या घ्यायला आलेली चार माणसं उभी होती. एक पान. आग लागली. चुंबक बंद होतं. आधीची दोन पत्रं चुकीची होती, अध्यक्षांचा त्यांना विरोध होता. कामगाराचा दोष नव्हता, त्याला कामावर परत घेतलं आहे. किसनरावांचं पाळीचं रजिस्टर मिळालं आहे. चौथी शिकलेला माणूस, तो रोज त्यात लिहायचा. पंधरा डिसेंबरची त्याची ओळ जशीच्या तशी दिली आहे. 'चुंबक बंदच. आज संचालकांना सांगितलं. बघतो म्हणाले.' आणि त्याखाली कमिटीचं वाक्य: एका सदस्याने ही माहिती कमिटीपुढे ठेवली नाही.

मेडिकलवाल्याने विचारलं, एक सदस्य म्हणजे कोण?

मी म्हटलं, कोणीही असेल.

तो म्हणाला, शेठ तं नसतील, अन् बाई तं विरोधात होती.

गणित येतं लोकांना.

३० जानेवारी, गुरुवार

विपुल राजीनाम्याचा कागद घेऊन आला. मी लिहिलेला नाही, तरी माझ्या नावाचा. 'वैयक्तिक कारणास्तव.' त्यात माझ्या मोलाच्या मार्गदर्शनाबद्दल आभारही आहेत. अतिशय सुरेख सूर. सही केली. पेन त्याचंच होतं, ते तो परत घेऊन गेला.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज पहिला मसुदा घेऊन मॅडमच्या ऑफिसात स्वतः गेलो. दोन वाक्यं, जशीच्या तशी, खाली सही. मनाशी म्हटलं, उशीर झाला पण आपलं कर्तव्य. कदाचित पुरवणी पत्र निघेल, त्यात माझं नाव सन्मानाने येईल.

मॅडम कामात होत्या. आरती नावाची मुलगी बाहेर बसते. तिने कागद वाचला, आवकचा शिक्का मारला, आत जाऊन आली. म्हणाली, मॅडम म्हणतात आता गरज नाही, फाइल बंद झाली, पण दिलात ते बरं केलं. मग तिने कागदाला पंच करून दोन भोकं पाडली. एक माझ्या सहीवर पडलं.

ऐकून घ्यायला कोणी नाही म्हटल्यावर घरी मैनाबाईला सांगायचं ठरवलं. घरी आलो तर कुलूप. किल्ली बेबीताईंकडे, त्या शेजारी राहतात. मैनाबाई दुपारच्या बसने अकोटला गेली. डिंक, लाडवांचं सामान, जुन्या लुगड्यांची दुपटी, सगळं घेऊन. शालू येत नाही तर मी जाते, असं बेबीताईंना सांगून गेली. मला सांगायला काय झालं होतं? मी घरात नव्हतो, हे कारण होऊ शकत नाही. मोबाइल आहे.

फोन लावला. उचलला नाही.

संकल्प: आपण आधी फोन करायचा नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आधी फोन केला. चार वेळा. किसनरावांचाही लावला. हात भाजलेत, उचलता येत नसेल.

वरण सलग तिसऱ्यांदा करपलं. भांड्याला पाणी घालून ठेवलं आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ९

दूध घ्यायला फाटकाशी गेलो तर बेबीताई. हसून म्हणाल्या, अभिनंदन भगवंतराव, आजोबा झाले. मैनाताईचा पहाटे फोन आला. दोघं सुखरूप आहेत म्हणे.

मी म्हटलं, हो, हो, कळलं ना.

त्या म्हणाल्या, मग पेढे? मी म्हटलं, आणतो. त्या थांबल्या. आणखी काहीतरी बोलतील म्हणून मीही थांबलो. त्यांनी मला एवढंच विचारलं की नाव काय ठेवणार. मी म्हटलं, विचार चालू आहे.

मुलाचं की मुलीचं, ते मला माहीत नाही. विचारता आलं नाही. आधीच 'कळलं' म्हणून बसलो होतो.

मिठाईच्या दुकानात गेलो. त्याने विचारलं, पेढे की बर्फी? इकडे मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी. मी म्हटलं, दोन्ही अर्धा-अर्धा किलो. तो म्हणाला, जुळे का?

मी म्हटलं, हो.

आता दोन्ही डबे टेबलावर आहेत आणि गल्लीत जुळ्यांची बातमी पसरली आहे. खुलासा करावा लागेल.

सकाळी ११

शालूला व्हॉट्सॲपवर पाठवायला लिहितो आहे. आधी इथे, मग तिकडे. कोणाला दाखवून घ्यायचं नाही, सूर लावायचा नाही:

शालू, तुझ्या मामंजींनी मला चुंबकाचं सांगितलं होतं. तू पाणी टाकत होतीस. मी ऐकलं होतं. गाठही गरम होती, तेही मला कळलं होतं. ते अजून कोणाला सांगितलेलं नाही. त्यांच्या हाताला आराम आहे का? तुझी आई माझ्याशी बोलणार नाही, तिला आग्रह करू नकोस. मी येत नाही, तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही. मुलगा झाला की मुलगी, एवढा एक शब्द पाठव. इथे लोक विचारतात आणि मला सांगता येत नाही. लवकर कळव.